दत्तूला बघायला

गणपतीच्या कारखान्यात एक वेळ माती कमी पडेल, किस्से कमी पडत नाहीत. हात कामात अडकलेले, तोंड मोकळं. दुसरं काय होणार? नगरच्या आमच्या कारखान्यातले बहुतेक किस्से हसण्यावारी नेण्यासारखे आहेत. शंकरमामांच्या मुंबईला जाण्याचा किस्सा मात्र सांगताना हसू येतं आणि मध्येच हातातलं काम थांबतं. त्याला माझा इलाज नाही.

*

मामा आमचे मालक. मूर्ती कुणीही घडवो, रंग कुणीही देवो, डोळे रेखून उघडायचे ते मामांनीच. बारीक ब्रश पागोट्यात खोचलेला आणि काळ्या रंगाची डबी खिशात. एकदा मेहुण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मामा गायब! शोधलं तर दाराशेजारी भिंतीवर काढलेल्या हत्तीपाशी. रंगाऱ्यानं घाईत त्याचे डोळे तसेच सोडले होते. मामी चिडल्या, तर मामा म्हणाले, "त्यो बिचारा आंधळा हुबा हुता. आपन जेवायचं कसं?"

*

त्यांचा एकुलता एक दत्तू. मूर्ती पूर्ण करायचा आणि डोळ्यांपाशी आला की बाजूला व्हायचा. "आबा, तुमचं काम ठेवलंय," एवढंच म्हणायचा. पुढे तो मुंबईला शिकायला गेला, नव्या पद्धतीचे पुतळे करू लागला आणि लढाईच्या दिवसांत विषमज्वरानं तिथंच गेला. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बापाला पोराचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

*

वर्षभरानं मिशन शाळेचे ड्रॉइंग मास्तर, आमचे फिलिपमास्तर, बातमी घेऊन आले. मुंबईत नव्या कलेचं एक दालन उघडलंय, तिथं दत्तूनं केलेला स्वतःच्याच चेहऱ्याचा मातीचा पुतळा ठेवलाय. प्रवेश फुकट.

मोहरमचे ताबूत करणारे शेजारचे रहीमभाई म्हणाले, "फुकट? आत कायतरी इकायला बसले असतील."

मामा म्हणाले, "इकत असतील तर पोराला घिऊनच येतो."



*

जायचं ठरलं. मास्तरांनी नियम सांगितला: हात लावायचा नाही. आता आली का पंचाईत! मामा माती बघायचे तीच बोटांनी. मग सराव सुरू झाला. मामा हात मागं बांधून गणपतीसमोर उभे राहायचे, आम्ही पाळत ठेवायची. जरा नजर हलली की बोटं सोंडेवर. रहीमभाई म्हणाले, "मामा, हात हितंच ठिवून जावा."

*

मामींनी शेंगदाण्याचे लाडू बांधले. "पोराकडं रिकाम्या हातानं जायचं व्हय?" मास्तर हळूच म्हणाले, तिथं काही ठेवता येत नाही. मामी पुरचुंडीला गाठ मारत म्हणाल्या, "मग राखनदाराला द्या. दिसभर पोरापाशी त्योच असतोय ना." मास्तर चष्मा पुसत बाहेर गेले. मामी स्वतः आल्या नाहीत. "मला न्हाई बघवायचं," म्हणाल्या.

*

मामा, मास्तर, रहीमभाई आणि मी, असे आम्ही चौघं निघालो. गाडी लढाईवर निघालेल्या सोजिरांनी खच्चून भरलेली, दौंडपर्यंत उभ्यानं गेलो. मामांनी सगळ्या वाटेत एका हातानं पागोट्यातला ब्रश धरून ठेवला.

दालन गाठलं तेव्हा बंद व्हायची वेळ झाली होती. मी राखणदाराला लाडू दिले आणि कुणी दिलेत तेही सांगितलं. मामा हात मागं बांधून पुतळ्यासमोर उभे राहिले. दत्तूच तो, हनुवटीवरच्या खळीसकट. डोळ्यांच्या जागी मात्र नुसती गुळगुळीत माती होती. नव्या पद्धतीत असंच असतं, हे सांगायला मास्तर पुढं सरकले, तेवढ्यात रहीमभाईंनी त्यांचा हात दाबला.

मामा म्हणाले, "माझं काम ठिवलंय त्यानं."

मागं बांधलेले हात सुटले आणि पागोट्याकडे गेले.

राखणदार लाडू खाता खाता थांबला. त्यानं मामांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि तो दाराकडे तोंड करून उभा राहिला.