सरका मागं

आमच्या कंपनीच्या बसमध्ये तो धायरीला चढतो, माझ्या शेजारी बसतो आणि हिंजवडीपर्यंत तोंड उघडत नाही. गळ्याला मफलर, मांडीवर कोमट पाण्याचा थर्मास. काही विचारलं तर मान हलवतो. शनिवार-रविवारी तो रॉक गातो, स्वतः लिहिलेली मराठी गाणी, म्हणून आठवडाभर आवाज जपतो. मला हे आधी नाटकच वाटायचं. बस ट्रॅफिकमध्ये अडकली की त्याची बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर ताल धरतात. नवं गाणं चाललंय, असं समजायचं.

कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात त्याने असंच एक नवं गाणं काढलं. ध्रुवपद म्हणजे आमच्या ड्रायव्हरकाकांचं रोजचं वाक्य: "सरका मागं, जागा हाय." लोक खिदळले. काका हॉलच्या दाराशीच उभे होते. त्याने गिटार थांबवली. "हे हसायचं गाणं नाहीये," एवढंच म्हणाला आणि दुसरं सुरू केलं.

सोमवारी तो बसमध्ये चढला आणि चक्क बोलला, "काका, तुमचं वाक्य न विचारता घेतलं. नको असेल तर काढून टाकतो."

काकांनी गिअर टाकला. "काढू नगा. पन लई घाईत म्हंता तुमी. 'सरका मागं' म्हनलं की जरा थांबायचं. मानसांना सरकायला टाइम लागतो."

त्याने माझ्या शेजारी बसून थर्मास माझ्याकडे दिला, दांडीवर ताल धरला आणि मध्ये थांबून तसं गाऊन पाहिलं.

दारात उभे असलेले दोघे निमूट मागे सरकले.