न दिसलेलं शून्य

बी.एड.च्या संगणक कक्षात विद्यार्थ्यांचे प्रकल्प दाखवून झाले होते आणि आपापले संगणक बंद करून सगळे चहाला गेले होते. भर दुपारी पडदे ओढून, मग अंधार होतो म्हणून दिवे लावून, आम्ही पर्यावरणाबद्दल भरपूर बोललो होतो. मी मागे वहीत गुण भरत बसले होते. सुवर्णा मात्र आपल्या संगणकापुढून हलली नव्हती. खोलीत या क्षणी किती वीज खर्च होते आहे, ते आकड्यात दाखवणारा प्रोग्रॅम तिनं केला होता. उद्या सरावपाठात ती तो सातवीच्या मुलांना दाखवणार होती.

तिनं उठून दिवे घालवले. आकडा उतरला. पंखे आणि प्रोजेक्टर बंद केले. आकडा आणखी खाली आला आणि तिथंच थांबला.

"मॅडम, शून्य का येत नाही?"

"तुझा संगणक चालू आहे ना."

ती स्वतःशीच हसली, आणि पुन्हा त्या उरलेल्या आकड्याकडे वळली. मोजणाऱ्याचाही खर्च असतोच, मला वाटलं. काळजी करणाऱ्यांचाही असतो. आमची शिबिरं, वृक्षारोपणाचे फ्लेक्स, प्लास्टिकच्या फोल्डरमधली प्रमाणपत्रं, हे सगळं त्या उरलेल्या आकड्यातच कुठेतरी असणार.

"मुलांनी विचारलं तर काय सांगू?" ती म्हणाली.

मी गुणांची वही मिटली. तिनं संगणक बंद केला.

आता शून्य आलं असणार. फक्त ते दाखवणारं खोलीत काही चालू नव्हतं.