चाक थांबलं की दिवा विझतो

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. आणि खरं सांगते, त्यातला अर्धा राग माझा माझ्यावरच आहे.

मी तेव्हा अंबड तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. शिपाई म्हणून भरती झालेली, शिक्षण जेमतेम दहावी. बाकी सगळं ठाण्यानंच शिकवलं. थंडीचे दिवस होते. सकाळी सहाच्या सुमारास खबर आली, वडीगोद्रीच्या रस्त्यावर मोसंबीच्या पिकअपनं सायकलवरच्या बाईला मागून उडवलं. बाई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. नाश्ता वेळेत व्हावा म्हणून रोज उजाडायच्या आत निघायची. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

धुकं असं, की समोरचं माणूस दिसेना. ड्रायव्हर पळाला नाही, एवढं त्याच्या बाजूनं. पण एकच वाक्य घोकत होता, "मॅडम, सायकलला लाईटच नव्हता, मी काय करू?" आमच्या हवालदारांनी पंचांसमोर सायकल पाहिली आणि पंचनाम्यात लिहिलं, 'दिवा बंद स्थितीत'. मी वाचलं आणि खाली सही केली. झालं! दुपारपर्यंत गावभर बाईचीच चूक. "बाईमाणसाला सायकल पाहिजे कशाला?" हे मी ठाण्याच्या व्हरांड्यातही ऐकलं आणि दवाखान्यात तिच्या नवऱ्याच्या तोंडूनही. तो सायकल विकायलाच निघाला होता.

जबाब घ्यायला गेले, तर ती रडत नव्हती, चिडली होती.

"मॅडम, दिवा चालू व्हता माझा. पुढचा बी, मागचा बी."

"कशावरून?"

"आता कशावरून! मंग मला रस्ता कसा दिसून राह्यला व्हता?"

मी लिहून घेतलं आणि सोडून दिलं. कागदावर सही झाली की आम्हाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

चौथ्या दिवशी अंबडचे एक सायकल मिस्त्री ठाण्यात आले. सत्तरीचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे.

"मॅडम, ती सायकल माझ्या हातची हाय. दिवा बंद पडनं बिलकुल शक्य न्हाई."

"चाचा, पंचांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"पाह्यली तवा सायकल चालू व्हती का?"

"आडवी पडली होती."

"मंग कसा लागंल? डायनामो हाय तो. चाक थांबलं की दिवा विझला. तुमच्या हवालदारसाहेबांनी कधी सायकल चालवली, का नुसतेच कॅरिअरवर बसले?"

हवालदार खाली बघायला लागले. माझ्या वडिलांच्या सायकलला डायनामो होता, आणि मलाच सुचू नये?

चाचा म्हणाले, दिवा निवडायला ती दुकानात तासभर बसली होती. बॅटरीचा दिवा स्वस्त, पण चार्जिंग विसरलं की अंधार. त्यात पाणी गेलं की कायमचाच गेला. तिनं डायनामो घेतला. ओल्या टायरवर तो घसरतो म्हणून चाचांनी त्याच्या फिरत्या तोंडाला रबरी टोपी बसवली, वायरीचे जोड ट्यूबच्या पट्टीनं गुंडाळले. मागचा लाल दिवा पिशवीआड झाकला जाऊ नये म्हणून कॅरिअरच्या पार टोकाला लावायचा हट्ट तिचाच. एवढी काळजी जिनं घेतली, तिलाच आम्ही निष्काळजी ठरवलं!

पुन्हा पंच बोलावले. सायकल आवारात आणली. मागचं चाक वाकलेलं, पण डायनामो पुढच्या चाकावर होता आणि ते शाबूत होतं. पहिल्या दिवशीच्या फोटोतही डायनामो टायरला टेकलेलाच दिसत होता, म्हणजे चालू केलेला. आमच्याच फोटोत, आणि आम्हीच पाहिलं नाही! ड्रायव्हरला समोर उभं केलं. चाचांनी पुढचं चाक उचलून गरकन फिरवलं. पुढचा दिवा लागला. वायरीला लोंबकळणारा मागचा दिवाही लागला. काच फुटलेली, पण लाल.

"आता बोल. काय दिसलं होतं?"

त्यानं लोंबकळणाऱ्या लाल दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "लाल दिसल्तं मॅडम. फोनवर व्हतो. वाटलं, लांब हाय अजून."

"आणि लाईट नव्हता म्हणून कुणी सांगायला लावलं?"

"गाडीमालक फोनवर म्हनले, बराबर हेच सांग."

पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. म्हणून पुरवणी पंचनामा केला, चाचांचा जबाब घेतला, फोनच्या नोंदी मागवल्या. फाट्यावरच्या चहावाल्यानं अपघाताच्या थोडं आधीच लाल दिवा पुढे जाताना पाहिला होता. त्याला आम्ही विचारलंच नव्हतं. ड्रायव्हरवर दोषारोपपत्र गेलं. पहिल्या पंचनाम्यावर विसंबले ही माझी चूक, हे मी केस डायरीत स्वतः लिहिलं. साहेब म्हणाले, "गरज होती का?" होती! दिसलं ते लिहावंच, पण तसं का दिसतंय हे न विचारता पडलेल्या माणसावर दोष ठेवायचा, हा कुठला तपास?

पुढे कोर्टाच्या हुकमानं, ताबापावती करून, सायकल परत द्यायची होती. बाई काठी टेकत आली. नवरा म्हणाला, "दुरुस्त करून इकून टाकू." तिनं काठी त्याच्या हातात दिली, हँडल उचललं आणि चाक फिरवलं. दिवा लागला.

"दादा," ती हवालदारांना म्हणाली, "दिसला का? मंग लिहा तुमच्या कागदावर, चालू स्थितीत."

हवालदारांनी पेन काढलं आणि लिहिलं.