जेठ लागला

केळापुरात विमलताईंशी वाद घालायचा तर दोन हात लांब उभं राहून घालावा, एवढं शहाणपण गावाला होतं. बाईंचा हात आधी उठायचा, कारण मागून यायचं. पांढरकवड्याच्या बस स्टँडवर एका टवाळानं लेकीची ओढणी ओढली, तर ताईंनी चपलेनं त्याचं नाक फोडलं आणि तीच चप्पल पायात घालून बसमध्ये बसल्या. लेकीलाही सूट नव्हती. पाढा चुकला की लाटणं, दूध उतू गेलं की लाटणं. नवरा लवकर गेला, त्यामुळे शेत आणि पोर एकाच हातानं सांभाळावं लागलं, असं त्या सांगायच्या. मला विचाराल तर नवरा असता तरी त्यांनी हेच केलं असतं.

त्यांचं सगळ्यात मोठं भांडण मोठ्या दिराशी, नीळकंठशी. तो दर साली वखरताना दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, थोडा थोडा ताईंच्या वावरात सरकवायचा. एकदा ताई बैलांसमोर आडव्या उभ्या राहिल्या. नीळकंठनं त्यांना केसाला धरून ढेकळांतून फरफटत नेलं. ताईंच्या हाताला वखराचा दांडा लागला आणि त्यांनी तो त्याच्या गुडघ्यावर असा हाणला की हाड बाहेर आलं. नीळकंठ पुढं जन्मभर लंगडला. मरताना चार माणसांदेखत म्हणाला, "मी मेल्यावर हिच्या पोरीले लागीन. सोडनार नाही."

ताई तेव्हा हसल्या होत्या. पण त्या दिवसापासून त्यांना भीती होती, आणि ती कोणाला दाखवण्याची सोय नव्हती.

पोरगी म्हणजे मिताली. शिकली, अमेरिकेत नोकरीला लागली आणि तीन वर्षांनी, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, घरी आली. आली ती निराळीच होऊन आली. भर दुपारी जेवताजेवता तिचं कपाळ ताटात टेकलं. उठवायला गेलं तर डोळे उघडे, पण ओळख नाही. अन्न समोर आलं की मळमळायचं, आणि घर निजलं की हिला भूक लागायची.

मग गावचे इलाज सुरू झाले. शेजारच्या मानीबाईनं तळपायाला कांदा चोळला. पायाला वास आला, बाकी काही झालं नाही. मितालीचा लांबचा चुलतभाऊ पिंटू ब्रँडी घेऊन आला. मितालीला नको होती, ताईंनी नाक दाबून पाजली. ती लगेच झोपली आणि थोड्याच वेळात उठून भडाभडा ओकली. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी दिली. ती दिवसा गिळवली, तर पोरगी उठून चालताना पायरीवर कोसळली आणि भुवई फाटली. रक्तानं उंबरा भिजला.

ताईंनी तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. "काय लागलं वं तुले? सांग."

"जेटलॅग हाय, आई," मिताली पुटपुटली आणि पुन्हा झोपली.

मानीबाई रक्त पुसत होती. तिचा हात थांबला. "जेठ लागला म्हनते का पोरगी?"

"जेठ म्हंजे?"

"आमच्या बंजारा तांड्यात नवऱ्याच्या मोठ्या भावाले जेठ म्हनते."

विमलताईंचा जेठ म्हणजे नीळकंठच; त्यांनी तडक भूत उतरवणाऱ्या भगताला निरोप धाडला.

जाग आल्यावर मितालीनं समजावून पाहिलं. "आई, आपला दिवस थे तिकडची रात्र. अंगातलं घड्याळ अजून तिकडचंच चालून राह्यलं. विमान एका दिवसात येते, घड्याळ नाही येत, थे रोज थोडं थोडं सरकते. दारूनं झोप मोडते. झोपेची गोळी गुंगी देते, घड्याळ नाही फिरवत. एक वेगळी गोळी असते, पन थे बी वेळ साधून घेतली तरच थोडीशी कामाची. खरं औषध सकाळचं ऊन. जेवन इकडच्या वेळेवर, अन् दुपारी घटकाभरच झोप."

"अंगात घड्याळ असते का कुठं?" ताई म्हणाल्या. "अंगात येते थे भूतच." त्यांच्या कानात जेठ शिरला होता, तिथं दुसरं काही शिरायला जागा नव्हती.

दुसऱ्या दुपारी पाटणकडचा भगत आला. चिंचेचा ओला फोक त्यानं सोबतच आणला होता. मिताली गाढ झोपेत होती. "मनगटं धर," तो ताईंना म्हणाला. "काही बोलली तरी सोडू नको. बोलनारी तुही पोर नसते."

ताईंनी मनगटं धरली. धरायचा जोर त्यांच्यात होताच.

पहिल्या फटक्याला मिताली किंचाळत जागी झाली. भगत ओरडला, "कोन हायेस तू? नाव सांग."

"मिताली."

"खोटं." फोक पाठीवर, दंडावर, मानेवर पडत राहिला. कुडता फाटला, खाली कातडी फाटली. "नीळकंठ हायेस नं?" भगत विचारत राहिला. "नाव सांग."

"मिताली हाय मी! आई, सोड नं."

आई सोडत नव्हती. आईचे डोळे गच्च मिटलेले होते. तोंडावर एक फटका बसला आणि मितालीचा आवाज एकदम बारीक झाला. "नीळकंठ. नीळकंठ हाय मी. चुकलं माहं, चुकलं. नका मारू."

भगत हसला. ताईंनी मात्र डोळे उघडले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. लहानपणी मांजरानं दुधाचं पातेलं सांडलं तरी लाटण्याखाली पोर याच आवाजात म्हणायची, "मीच सांडलं, चुकलं माहं." मार थांबावा म्हणून ती काहीही कबूल करायची. हे नीळकंठचं बोलणं नव्हतं. ही त्यांचीच पोर होती, त्यांच्याच हाताखाली वाढलेली.

त्यांनी मनगटं सोडली आणि फोक हिसकला. भगताला मग पळायलाही सुचलं नाही. पहिला फटका तोंडावर, दुसरा कानावर. फोक मोडला तेव्हा त्यांनी पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचलला आणि त्याच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मानीबाईनं अंगणात ऐकला. कापसाच्या गंजीवर लाल ठिपके पाडत तो ओरडत गेला.

धापा टाकत ताई वळल्या. मिताली भिंतीच्या कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसली होती.

पुढं ताईंनी ऊन दिलं. रोज तांबडं फुटलं की लेकीला त्याच भांडणाच्या धुऱ्यावर नेऊन उभं करायच्या. वेळेवर ताट वाढायच्या, दुपारी झोप लागली तर थोड्या वेळानं लांबूनच हाक मारायच्या. आठवडाभरात झोप ठिकाणावर आली. पाठीवरचे वळ निळ्याचे पिवळे झाले. दोघी बोलायच्या, पण कामापुरतंच.

जायच्या सकाळी गाडी दारात उभी राहिली. "गेला का तुहा जेट?" ताईंनी विचारलं.

"गेला."

ताईंनी डोक्यावर ठेवायला हात उचलला. मितालीचं कोपर झटकन तोंडासमोर आलं, डोळे मिटले.

ताईंचा हात हवेतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हाताची लाज वाटली. "तूच धर," त्या म्हणाल्या. "अन् जिथं ठेवाचा थिथं ठेव."

मितालीनं डोळे उघडले. आईचं मनगट तिनं धरलं, त्या दुपारी आईनं तिचं धरलं होतं तसंच घट्ट, आणि बराच वेळ धरून ठेवलं. डोक्यावर मात्र नेलं नाही.