जिथं सगळेच सोयरे

आमच्या कालदाविक गावात स्टेनवोरला लोक ‘बापामुळे लागलेली’ म्हणत. तोंडावर नाही, पेट्रोल पंपावर, कॉफीचे घोट घेता घेता. तिला ते ठाऊक होतं. कोळंबीचा कारखाना बंद पडला तेव्हा ती तिथं सोलायच्या यंत्रावर होती. मग नगरपालिकेच्या कचेरीत जागा निघाली, आणि तेव्हा तिचा बाप हाल्ब्योर्न पालिकेचा सभासद होता. आमची पालिका म्हणजे तरी काय, एक कचेरी, एक शाळा, एक बंदर आणि पाच सभासद. त्या जागेसाठी दुसऱ्या कुणाचा अर्जच आला नव्हता, हे मात्र कुणी सांगत नाही. बोलणाऱ्यांचं काय जातंय.

पण तिला ते लागलं. इतकं लागलं की चाळिशी उलटल्यावर बाई शिकायला बसली. लोकप्रशासनातली वरची पदवी, नोकरी सांभाळून, घरबसल्या. संध्याकाळी तिच्या खिडकीत संगणकाचा निळा उजेड दिसायचा. तिकडे राजधानीत, रेकयाविकला बसलेली प्राध्यापक बाई पडद्यावर बोलायची, ही वहीत उतरवून घ्यायची आणि नवरा मागे भांडी घासायचा. वर्षातून दोनदा ती परीक्षेला दक्षिणेत जायची आणि परत आली की आठवडाभर कुणालाही सरळ उत्तर द्यायची नाही. ‘नियम बघून सांगते,’ म्हणायची. मी एकदा म्हटलं, “अगं, बंदरातला दिवा गेलाय एवढंच सांगतोय. त्यात नियम कसला बघतेस?”

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. तिनं विषय घेतला तो आमच्याच पायाखालचा. जिथं सगळेच एकमेकांचे सोयरे, तिथं निर्णय कुणी घ्यायचा? मला बंदरावर गाठून तिनं विचारलं होतं, “ब्रांडूर, उद्या तुझं काही काम पालिकेपुढं आलं, तर तुझा नातेवाईक नाही असा सभासद दाखव बरं मला.” मी बोटांवर मोजत बसलो. एका हाताची बोटंसुद्धा पुरी झाली नाहीत.

तेव्हापासून तिनं सभेत शिस्त आणली. ज्याच्या चुलतभावाचं, मेहुण्याचं, सासूचं काम निघेल त्यानं उठून बाहेर जायचं. आधी सगळ्यांना थट्टा वाटली. मग असे दिवस आले की सभा चालू असताना आतल्यापेक्षा दाराबाहेरच्या बोळातच जास्त माणसं बसलेली असायची, तळलेले गोड क्लेनूर खात. बोलायचं कसं, विषय आधी मांडायचा, मग चर्चा, मग बसल्या जागी हात वर, तेही तिनंच शिकवलं. लोक कुरकुरले. पण पेट्रोल पंपावरचं ते जुनं बोलणं हळूहळू बंद झालं, हेही खरं.

आणि मग त्या नोव्हेंबरात चर्चशेजारच्या वृद्धांच्या घरातली एक खोली रिकामी झाली.

चारच खोल्या आहेत तिथं. ऊबदार, नर्स हाकेच्या अंतरावर, जेवण गरम. अर्ज दोन आले. एक ग्रोआचा. ती खोऱ्याच्या पार टोकाला एकटी राहायची, कमरेनं अधू, आणि तिकडचा रस्ता बर्फानं बंद झाला की चार-चार दिवस उघडायचा नाही. दुसरा अर्ज हाल्ब्योर्नचा.

हाल्ब्योर्नचं डोकं गेलं होतं. चूल तशीच पेटती ठेवायचा, चाव्या दुधाच्या डब्यात ठेवायचा. मुख्य म्हणजे निघायचा. दार उघडून सरळ समुद्राकडे. सकाळी स्टेनवोर त्याला लापशी देऊन कचेरीत जायची, दुपारी धावत यायची, परत जायची, आणि मधल्या वेळात फोन करत राहायची. त्यानं उचलला की तिचा जीव भांड्यात पडायचा. प्रबंध जानेवारीत द्यायचा होता आणि एक प्रकरण पुरं होईना. त्या खोलीत तिचा जीव अडकला होता. गावाला हे दिसत होतं, आणि गाव तिच्या बाजूनं होतं. जुन्या पद्धतीनं झालं असतं तर पाच मिनिटांत खोली हाल्ब्योर्नची.

पण पद्धत तिनंच बदलली होती ना. अध्यक्ष हेर्मोदूर हाल्ब्योर्नचा भाचा, तो बाहेर. आल्डीस ग्रोआची सून, ती बाहेर. तिसरा सभासद स्टेनवोरचा दीर, तोही बाहेर. राहिले शाळेचा मास्तर बेर्गस्वेन आणि गॅरेजवाली ह्रेफ्ना. सभा भरायला तीन माणसं लागतात. बदली सभासदांच्या यादीतले काही बोटीवर, काही नात्यातले. तळाला माझं नाव.

मी आणि हाल्ब्योर्न. एका बोटीचे दोन भागीदार होतो आम्ही, अर्धं आयुष्य. मग मला न विचारता त्यानं बोट विकली, आणि त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. चर्चमध्येसुद्धा मधे दोन बाकं ठेवून बसायचो. आता त्याच्या म्हातारपणाचा निकाल माझ्या हाती. स्टेनवोरनं फोन केला तो अगदी कोरडा. “चार वाजता सभा आहे. तू बदली म्हणून यायचंस.” मी म्हटलं, “तुला माहीतेय ना माझं आणि त्याचं काय आहे ते?” ती म्हणाली, “मला या कामात तुझ्याशी बोलता येत नाही.” आणि ठेवलाच.

त्या दिवशी मी बुटाच्या नाड्या बांधत होतो. बाहेर अंधारून आलं होतं, वारा सुटला होता. दारावर थाप पडली. बायकोनं, स्वालानं, दार उघडलं. हाल्ब्योर्न उभा होता. अंगात रबरी कोट, पायात घरातल्या सपाता, त्याही भिजलेल्या.

“ब्रांडूर, चल की रे,” तो म्हणाला. “भरती वळायला लागली. अजून झोपलायस?”

भांडण त्याच्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं. बोट विकलेली त्याला आठवतच नव्हती. एवढी वर्षं जपून ठेवलेला राग, आणि समोरचा माणूस त्यातला उरलाच नव्हता. मी म्हटलं, “आज वारा फार आहे. तोवर ही दोरी सोडव.” गुंतलेली गळांची दोरी दिली त्याच्या हातात. तो चुलीपाशी बसला आणि लागला कामाला. स्वालानं त्याचे पाय पुसले आणि मला म्हणाली, “तू जा. पहिल्यांदा स्टेनवोरला सांग. माझं लक्ष आहे.”

कचेरीत पोचलो तर स्टेनवोर बोळातच बसलेली. स्वतःच्या बापाचं काम, म्हणून तीही बाहेर. कानाला फोन. मी म्हटलं, “स्टेनवोर, ऐक. हाल्ब्योर्न—”

तिनं हात वर केला. “त्याचं नाव काढू नकोस.”

“अगं, पण तो—”

“ब्रांडूर, तू मत देणारा माणूस आहेस. माझ्या कानावर तुझा एक शब्दही पडता कामा नये. आत जा.”

एवढ्या वर्षांनी ते नाव माझ्या तोंडून निघालं होतं, आणि मला गप्प केलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, बरं बाई, बस मग तुझा नियम धरून. आणि गेलो आत.

दाराला काच आहे. मला ती दिसत होती. नंबर फिरवायची, ऐकायची, बंद करायची. पुन्हा फिरवायची. आत बेर्गस्वेन डॉक्टरचं म्हणणं वाचत होता. मी विचारलं, “हाल्ब्योर्नशी माझं हाडवैर आहे हे गावाला माहीत आहे. मला बसता तरी येतं का इथं?”

ह्रेफ्ना म्हणाली, “स्टेनवोरला विचारायला हवं.”

“तिला विचारता येत नाही,” बेर्गस्वेन म्हणाला.

“मग बस,” ह्रेफ्ना मला म्हणाली.

बेर्गस्वेन हाल्ब्योर्नच्या बाजूनं होता. ह्रेफ्ना ग्रोआच्या. म्हणजे माझा हात जिकडे जाईल तिकडे खोली. म्हातारा माझ्या घरी आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, तर ह्रेफ्ना म्हणाली, “आधी वाचन संपू दे.” काचेतून पाहिलं, स्टेनवोर उठून उभी होती. फोन खिशात टाकून ती कोट चढवत होती. दुसऱ्या खिडकीतून बंदर दिसतं. थोड्याच वेळात तिच्या हातातली विजेरी धक्क्यावरून पुढे जाताना दिसली. धक्का गोठलेला, लाटा वरून येत होत्या.

मी उठलो. “माझं मत हाल्ब्योर्नला. लिहून घे. मी चाललो.”

“असं नाही चालत,” ह्रेफ्ना म्हणाली. “चर्चा झाली नाही. बसून हात वर करावा लागतो. स्टेनवोरनंच सांगितलंय, उठता उठता दिलेलं मत धरायचं नाही.”

“ती तिकडे बापाला शोधत धक्क्यावर गेलीय.”

“ब्रांडूर, तू गेलास तर दोघंच उरतो. सभा मोडली म्हणून लिहावं लागेल. पाच मिनिटं थांब ना.”

मी थांबलो नाही. आजही रात्री पडल्या पडल्या मनात येतं, पाच मिनिटं थांबलो असतो तर. पण त्या वेळी मला दिसत होती ती फक्त विजेरी.

धक्क्याच्या टोकाशी गाठलं तिला. कठड्याला धरून ती खाली पाण्यात उजेड मारत होती आणि हाका मारत होती. वाऱ्यात तिला माझी हाक ऐकूच येईना. दंड धरून ओढलं तेव्हा वळली. म्हटलं, “माझ्याकडे आहे तो. स्वयंपाकघरात बसलाय, दोरी सोडवतोय. स्वाला आहे.”

ती तिथंच बर्फावर बसली. मग पहिली गोष्ट विचारली ती ही. “मत दिलंस?”

“नाही.”

“मग सभा मोडली.”

“मोडली.”

“तुला सांगायला काय झालं होतं, ब्रांडूर?”

“तू सांगू दिलंस का?”

“नाही,” ती म्हणाली. “नाही दिलं.” आणि रडायला लागली. मी तिला उठवलं.

सभा पुढच्या महिन्यावर गेली. तेवढे दिवस हाल्ब्योर्नला एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. स्टेनवोरला कचेरी, वर तो प्रबंध. राहू दे आमच्याकडे, स्वाला म्हणाली, वरची खोली रिकामीच आहे. मी नाही म्हणून उपयोगही झाला नसता. सकाळी तो मला उठवायचा, वारा कुठला आहे विचारायचा, आणि मी म्हणायचो, आज नको. मासा-बटाटे खाल्ले की त्याला झोप यायची. स्टेनवोर संध्याकाळी यायची, त्याच्याशेजारी बसून लिहायची. ते अडलेलं प्रकरण तिनं आमच्या टेबलावर पुरं केलं.

पुढच्या सभेला मी गेलो नाही. उघडच आहे, म्हातारा माझ्या घरात राहत होता. बोटीवरून परतलेला एक बदली सभासद मिळाला, मूळचा पूर्वेकडचा, कुणाचाच कुणी नाही. सगळं नीट झालं. विषय मांडला, चर्चा झाली, बसून हात वर झाले. खोली ग्रोआला मिळाली. या वेळी बेर्गस्वेनचाही हात ग्रोआसाठी होता. कारण असं दिलं होतं की ग्रोआ एकटी आहे आणि तिचा रस्ता बंद होतो, तर दुसऱ्या अर्जदाराला राहायला ऊबदार घर आणि बघणारी माणसं आहेत.

निर्णयाचा कागद अर्जदाराच्या नावानं आला. मुलगी म्हणून वाचून दाखवायला स्टेनवोरला बंदी नव्हती. त्या संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात कोट न काढताच बसली आणि बापाला तो कागद वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. आवाज अजिबात हलू दिला नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मला मत देणाऱ्या त्या तिघांचा राग आला होता, तिच्या नियमांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

हाल्ब्योर्ननं नीट ऐकून घेतलं. सभासद असताना ऐकायचा तसंच, मान थोडी तिरकी करून.

“बरोबर आहे निर्णय,” तो म्हणाला. “त्या बाईला आधी द्यायला हवी. तुला काय वाटतं?”

“मीही हाच दिला असता,” स्टेनवोर म्हणाली.

“पण त्या म्हाताऱ्याचं काय? त्याला खरंच आहे का कुणी, का नुसतं कागदावर लिहिलंय?”

स्टेनवोरनं कागदाची घडी घातली, परत उघडली. मग माझ्याकडे पाहिलं.

“आहे,” मी म्हटलं. “मला माहीत आहे तो माणूस.”

“मग ठीक आहे,” हाल्ब्योर्न म्हणाला, आणि स्वालानं पुढं केलेली ताटली घेऊन जेवायला लागला.