मामांच्या गाडीसाठी दोन फेऱ्या

आमच्या ग्रुपवर कोणी धुतलेल्या गाडीचा फोटो टाकला की त्याची धडगत नसते. "लग्नाला निघाली काय?" हा पहिला प्रश्न ठरलेला. तंजावूर आणि आसपासची तीसेक मराठी माणसं आम्ही, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, गाड्यांच्या वेडापायी फोनवर जमलेली. देवनागरी फार थोड्यांना वाचता येते. म्हणून मराठी कोणी तमिळ अक्षरांत लिहितो, कोणी इंग्रजी, आणि बहुतेक जण सरळ बोलूनच पाठवतात.

रविवारी सकाळी कोडं असतं. एकाने इंजिनाचा आवाज पाठवायचा, बाकीच्यांनी गाडी आणि तिचं दुखणं ओळखायचं. मी सगळ्यांत आधी उत्तर देतो आणि हटकून चुकतो. बरोबर उत्तर मामांचं. मामा म्हणजे तालुका कचेरीतून निवृत्त झालेले, राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे, सगळ्या ग्रुपचेच मामा. त्यांना पकडायला एकदा मी शेजाऱ्याच्या मोटारसायकलचा आवाज माझा म्हणून पाठवला. लगेच मामांचा आवाज आला. "ही तुझी वंडी नव्हे रे. तुझी चेन झाकणाला घासते. ती आधी नीट कर, मग लबाडी कर." ग्रुप दोन दिवस हसत होता. जाऊन बघितलं तर चेन खरंच घासत होती. असा कान मी दुसरा पाहिला नाही.

मामांची स्वतःची गाडी म्हणजे स्टीअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली, दुधी रंगाची, गोलमटोल जुनी मोटार. माझ्या लग्नात वरातीला त्यांनी ती दिली होती, स्वतः चालवली होती. तेव्हापासून माझा जीव तिच्यात अडकलेला. गेल्या आषाढात त्यांनी ग्रुपवर सांगितलं, "वय झालं, गाडी द्यायची आहे. ज्याला हवी त्याने मला तिरुवैयारूला नेऊन परत आणायचं. ज्याची चाल पटेल त्याची वंडी."

मी त्याच दिवशी घरच्या पडवीतलं सगळं सामान हलवून जागा केली. दुसरं नाव एकच आलं, पापनाशमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या अक्कांचं. त्या इतक्या हळू गाडी चालवतात की 'बैलगाडी अक्का' हे नाव मीच त्यांना दिलं होतं. "अक्का निघाल्या की सांबार चढवू नका, येईपर्यंत आंबेल," असलं काहीबाही मी रोज टाकायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "पोचते की नाही?"

पहिली फेरी माझी. स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्या दिवशी मी सुरेख गाडी चालवली. गिअर एकदाही कुरकुरला नाही. वेण्णार नदीच्या पुलाआधी दोन बसगाड्या मागे टाकल्या. मामांना इंजिन ऐकू यावं म्हणून अवाक्षर बोललो नाही, तिरुवैयारूला घाटावर उतरलोही नाही. शेजारी मामा पुढच्या फळीवर हात टेकून गप्प बसले होते. परतल्यावर म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." मी ते होकारासारखं घेतलं.

पुढच्या रविवारी अक्कांची फेरी. माझी गाडी कोण कशी हाकतं ते बघायला मी मागच्या सीटवर चढून बसलो. अक्कांनी गाडी सुरू केली ती बैलगाडीच्याच चालीने, आणि गावाबाहेर पडताच बोलायला लागल्या.

"मामा, डावीकडे लावणी चाललीय. आठ-दहा बायका आहेत, एकीने डोक्याला लाल टॉवेल गुंडाळलाय. पुढे बस आहे, मी मागेच राहते. वेण्णारला पाणी आलंय, खालच्या दोन पायऱ्या बुडाल्यात."

"बगळे?" मामांनी विचारलं.

"आहेत ना. ट्रॅक्टरच्या मागे ओळीने चाललेत."

मामा हसले. माझा मात्र संताप होत होता. माणूस इंजिन ऐकायला बसलाय आणि ही बाई बगळे मोजतेय, असं मनात आलं.

तिरुवैयारूला कावेरीच्या घाटाशी गाडी थांबली. अक्का वळसा घालून आल्या, दार उघडलं आणि आपलं कोपर पुढे केलं. मामांनी ते धरलं, पायाने जमीन चाचपली आणि मग उतरले.

मामा पायरीवर बसल्यावर मी अक्कांना हळूच विचारलं, "दिसत नाही त्यांना?"

"उजेड-अंधार तेवढा कळतो. गाडी वर्षभर नुसती सुरू करून ऐकतात."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"काल सांगितलं, मी फोन करून विचारलं तेव्हा. पण तू मोटारसायकलच्या टाकीला नवा रंग दिलास, आठवतं? फोटो टाकून रंग कसा आहे विचारलंस. ते 'छान' म्हणाले. तू म्हणालास, रंगाचं नाव तरी घ्या. सगळे हसले. मामाही हसले, पण बऱ्याच वेळाने. तेव्हाच शंका आली."

मला स्वतःची लाज वाटली. सगळ्यांत जास्त बडबड माझी, उथळ पाण्याला खळखळाट फार. ज्यांचा कान मी वर्षानुवर्षं वाखाणला, त्यांनी डोळ्यांचं काम कानावर टाकलंय हे मला कळलं नाही. आठवड्यापूर्वी याच रस्त्यावरून मी त्यांना मुकाट्याने, वेगाने, काही न दाखवता नेऊन आणलं होतं.

गाडीत बसताना मामांनी मान मागे वळवली. "तूच सांग रे, कोणाला देऊ?"

"अक्कांना," मी म्हणालो. म्हणताना घरची रिकामी केलेली पडवी आठवली, खोटं कशाला बोलू.

"सेरी, ठरलं. मग आता जाताना रस्ता तू सांग."

मी सरसावून बसलो. "उजवीकडे भात आहे."

"तंजावुरात भात सगळीकडेच आहे रे," मामा म्हणाले. "केवढा? पाणी उभं आहे का त्यात?"

मी काचेला नाक लावलं. जन्मभर ये-जा केलेला रस्ता, पण शब्द जुळवीपर्यंत शेत मागे पडत होतं, आणि मामा वाट बघत होते.

"अक्का," मी म्हणालो, "जरा हळू घ्या."