कापलेलं ‘व्हय’

“एकच शब्द कापलाय काकू. एवढा काय तमाशा करतेस?”

“कोनता कापला, तेवढं बोल की.”

“व्हय.”

“व्हय काय?”

“तेच. शेवटचं ‘व्हय’ कापलंय.”

छबूबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. हातातली सुतळी तिनं दातानं तोडली आणि पुतणीकडं बघितलं. निकिता नगरला कॉलेजात जाते, मोबाईलवर शेतीचे रील टाकते. पंधरा दिवसांपूर्वी तिनंच काकूचं शूटिंग केलं होतं. निळ्या ड्रमात महिनाभर कुजवलेला कडुलिंब, रुई, करंज असा दहा झाडांचा पाला. त्याचा अर्क किडीवर फवारायचा. काठीनं ढवळता ढवळता छबूबाई म्हणाली, “किडं मरत्यात. ह्यानं मानूस मरंल व्हय?”

तिचं बोलणंच तसलं. एकोणीस वर्षं सुप्याच्या बाजारात बसते, पण सरळ उत्तर कुणाला दिलं नाही. भाजी ताजी आहे का विचारलं, की “शिळी आनीन व्हय?” जवळच्या कंपन्यांतल्या कामगारांच्या बायका हसायच्या आणि मेथी तिच्याकडूनच न्यायच्या.

रीलमध्ये ती आता म्हणते, “ह्यानं मानूस मरंल.” तिथंच संपतं.

“अख्खा व्हिडिओ साठ जणांनी बघितला होता काकू. कापलेला चार लाखांनी.”

“मंग त्यात दवाखाना कुठनं आला? सलाईन लावल्याली पोरं?”

“ते मी नाही जोडलं. दुसऱ्याच कुणीतरी माझा व्हिडिओ उचलून जोडलं. ती पोरं कुठली, मलाही माहीत नाही.”

“पन खाली लिवलंय ना, ‘सुप्याची विषारी मेथीवाली’? मागच्या बाजाराला एक जुडी गेली न्हाई. बाजारात शेजारी बसनारी रोहिणी म्हनली, मावशी, जरा लांब बसा, आमचंबी गिऱ्हाईक तुटतंय. माज्या जागंवरनं मला उठवती ती.”

“मी डिलीट केलाय.”

“बघनाऱ्यांच्या डोक्यातनं केलास?”

“दुसरा टाकते मग. खुलाशाचा.”

“त्यो बघतील साठ जन.”

निकिता नखं कुरतडत राहिली. छबूबाईनं पाटी भरली, वर ओलं फडकं टाकलं.

“चल आज संगं. माज्या पोत्यावर बस आन् येनाऱ्या बाईला तोंडानं सांग, शब्द मी कापला म्हून.”

“सगळ्यांसमोर? आणि माझाच कुणी व्हिडिओ काढला म्हणजे?”

“माजा कुनी काढला?”

निकितानं चार्जिंगला लावलेला मोबाईल काढून घेतला, चपला पायात सरकवल्या आणि काकूच्या आधी बाजाराच्या वाटेला लागली.